पार्किन मुरू द्यावा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लीड्सला येऊन दीड वर्ष झालं, मुलाच्या शाळेत ५ नोव्हेंबरच्या शेकोटीला प्रत्येक घरातून काहीतरी भाजून न्यायचंय, आणि तुमच्या वाट्याला पार्किन, म्हणजे ओट्स, सुंठ आणि ट्रीकलचा इथला चिकट केक, आलाय. दोनदा करून पाहिलात. पहिला मधोमध बसला, दुसरा विटेसारखा कडक झाला. ओट्स नाश्त्याचे, नेहमीचे वापरलेत. ट्रीकलचा, म्हणजे साखर शुद्ध करताना उरणाऱ्या काळ्या, दाट पाकाचा, वास सासूबाईंना सहन होत नाही, म्हणून त्याऐवजी काकवी चालेल का, अंडं वगळता येईल का, आणि किती दिवस आधी करून ठेवावा, हे तुम्हाला हवंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. ३० किंवा ३१ ऑक्टोबरला भाजा. बटर पेपरमध्ये गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ४ तारखेपर्यंत डब्याला हात लावू नका. घरात कोणी वडीलधारं असेल तर डबा त्यांच्या नजरेआड ठेवा, मुलांपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त असते. लोणचं घातल्या दिवशी आपण चाखतो का? चाखलं तरी ते वाईट झालं असं म्हणत नाही, अजून मुरायचंय असं म्हणतो. पार्किनचं तेच आहे. इथले जुने लोक त्याला ‘तो परत येतो’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. ओव्हनमधून निघाल्यावर कडा कडक, पोटात कोरडा, सुंठ नाकात जाणारी, ट्रीकल कडवट. तिसऱ्या दिवशी पृष्ठभाग ओलसर दिसायला लागतो. पाचव्या दिवशी कागद सोडवताना वरची कातडी कागदाला थोडी धरून ठेवते, बोट टेकवलं की चिकट ठसा उमटतो, आणि वास डब्याबाहेर येतो. तेव्हा तो झाला.

तुम्ही दोन्ही वेळा त्याच दिवशी कापून खाल्लात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. दुसऱ्या, विटेसारख्या पार्किनला आठवडाभर ठेवला असतात तर कदाचित तो निम्मा सुधारला असता. सगळा नाही, त्यात दुसरीही चूक आहे, तिच्याकडे येतेच.

मी बावीस वर्षांपूर्वी कराडहून इथे आले. हॅलिफॅक्सजवळच्या एका छोट्या बेकरीत पहिली नोकरी लागली, तीही भांडी घासायची. दोन वर्षांनी ऑक्टोबरात पार्किनचे ट्रे माझ्या हातात आले, कारण ज्या बाई ते करायच्या त्यांचं मनगट मोडलं होतं. त्या खुर्चीत बसून सांगायच्या, मी करायचे. पहिल्याच वर्षी मी घोळ घातला. घाईत गरम ट्रेच प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले. तीन दिवसांनी उघडले तर वर पाण्याचे थेंब आणि दोन कोपऱ्यांत पांढरी बुरशी. सहा ट्रे कचऱ्यात गेले. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पार्किनला पांघरूण घालायचं, पण ताप उतरल्यावर. तेव्हापासून मी दरवर्षी करते, आता स्वतःच्या स्टॉलवर विकते. म्हणून पुढचं सगळं हातानं शिकलेलं आहे.

आधी हा पदार्थ आहे काय ते बघा, म्हणजे तो असा का वागतो ते कळेल. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशर आणि लँकशरमध्ये, थंडी आणि ओल इतकी की गव्हापेक्षा ओट्स बरे यायचे. गरिबाचं धान्य तेच. साध्या घरांत ओव्हन नव्हते, तापलेल्या दगडी किंवा लोखंडी तव्यावर ओट्सच्या पोळ्या भाजायचे. आपली भाकरीच म्हणा, पण बोलीत तिला थार्फ केक म्हणायचे. थार्फ म्हणजे न फुगवलेला. साखर शुद्ध करण्याचे कारखाने वाढले तसं त्यांच्यातून उरलेलं काळं ट्रीकल स्वस्त झालं आणि मध परवडत नसलेल्या घरांत गोडासाठी तेच आलं. पुढे एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि घरातली ओव्हन आली, आणि चपटी पोळी फुगून केक झाली. डोरोथी वर्ड्‌स्वर्थने, म्हणजे कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या बहिणीने, ग्रासमियरच्या घरी ६ नोव्हेंबर १८०० च्या रोजनिशीत पार्किन भाजल्याचं लिहिलंय. म्हणजे तेव्हाही तो नोव्हेंबरचाच होता. वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवाराला पार्किनचा रविवार म्हणायचे.

५ नोव्हेंबरची गोष्ट मुलाला शाळेत शिकवतीलच. १६०५ मध्ये संसदेच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं लावून राजाला उडवायचा कट होता. गाय फॉक्स त्या पिंपांपाशीच सापडला. कट फसला म्हणून शेकोट्या पेटल्या, आणि १६०६ पासून १८५९ पर्यंत तर हा दिवस पाळणं कायद्यानं सक्तीचं होतं. हा फॉक्स यॉर्कचा, १५७० चा जन्म. ज्या शाळेत तो शिकला ती सेंट पीटर्स शाळा अजून आहे, आणि तिथे शेकोटीत त्याचा पुतळा जाळत नाहीत. माजी विद्यार्थ्याला कोण जाळेल!

आता साहित्य. एका २० सेंटिमीटरच्या चौकोनी, खोलगट टिनसाठी मी घेते ते हे. मीडियम ओटमील १७५ ग्रॅम, मैदा १७५ ग्रॅम, खाण्याचा सोडा एक सपाट चहाचा चमचा, मीठ अर्धा चमचा. सुंठ पूड तीन चमचे, मिक्स्ड स्पाइस एक चमचा, जायफळ किसून पाव चमचा. ब्लॅक ट्रीकल १५० ग्रॅम, गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी, दाट पाक) ७५ ग्रॅम, गडद ब्राऊन शुगर ११० ग्रॅम, लोणी ११० ग्रॅम. एक अंडं, आणि दूध १२० मिलिलिटर. यातलं एकही माप डोळ्यानं घेऊ नका, विशेषतः ट्रीकल आणि सोडा. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, पार्किन पुढच्या वर्षी करा.

तुमची पहिली मोठी चूक ओट्सची. नाश्त्याचे ओट्स वाफवून लाटणीखाली चपटे केलेले असतात. ते शिजायला सोपे व्हावेत म्हणूनच तसे करतात. केकमध्ये ते पाणी पटकन पितात, मऊ पडतात आणि नंतर चिवट होतात. ओटमील म्हणजे ओट्सचा दाणा कापून, भरडून केलेला रवा. त्याचे प्रकार असतात. पिनहेड म्हणजे दाण्याचे दोन-तीन तुकडे, आपल्या लापशीच्या गव्हासारखा. मग जाड, मग मीडियम, मग बारीक. मीडियम ओटमील बोटांत चोळून बघा, इडली रव्यासारखं लागतं. तेच पाहिजे. हा कण टणक असतो म्हणून तो सावकाश ओलावा घेतो. भाजताना सगळा भिजत नाही, डब्यात पुढचे चार-पाच दिवस भिजत राहतो. खाताना दाताखाली जो बारीक कण येतो, तो या रव्याचा. नाश्त्याच्या ओट्समध्ये हे काहीच होत नाही.

मोठ्या दुकानांत ओटमील कुठे ठेवतात ते ओळखणं हेच एक काम आहे. पॉरिजच्या पाकिटांत सापडलं नाही तर मैद्या-पिठाच्या मांडणीत बघा, बहुतेक तळाच्या फळीवर असतं. मिळालंच नाही तर साधे जम्बो ओट्स मिक्सरला दोन-तीनदा नुसते झटके देऊन फिरवा. रव्यासारखे झाले की थांबा, पीठ करू नका, आणि चाळणीतून बारीक भुगा काढून टाका. काम भागतं, पण दाणा तो दाणाच. पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांनी साधे स्टील कट ओट्स आणून मिक्सरला भरडले तर चांगला पार्किन होतो. इन्स्टंट नकोत. आणि मसाला ओट्स वापरून पाहणारी एक बाई मला माहीत आहे, म्हणून सांगते: मसाला ओट्स अजिबात नकोत.

दुसरी चूक पाकाची, आणि विटेचं मूळ तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘ट्रीकल, साखर, लोणी चांगलं उकळवून घेतलं.’ उकळवायचं नाही. चिक्कीचा पाक आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणी आटलं की पाक एकतारी, मग गोळीबंद, मग थंड झाल्यावर कडक. पातेल्यात पाच मिनिटं खदखदवलेल्या ट्रीकलनं तुमच्या केकमध्ये चिक्कीच केली. ओव्हननं उरलेलं पाणी काढलं, मग दगड झाला तर नवल काय.

पातेलं काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि ट्रीकल थेट त्यातच ओता. वाटीत मोजून ओतायला गेलात तर निम्मं वाटीलाच राहील. ट्रीकलचा डबा आधी दहा मिनिटं गरम पाण्यात उभा करा, मग ते मधासारखं उतरतं, नाहीतर डांबर. चमचा लागलाच तर त्याला तेलाचं बोट फिरवा. वर सिरप, साखर, लोणी. सगळ्यात मंद आचेवर, लाकडी चमच्यानं फिरवत. लोणी विरघळलं, साखरेची खरखर भांड्याच्या तळाला लागेनाशी झाली की गॅस बंद. वाफ दिसावी, बुडबुडा दिसू नये. पातेल्याच्या बाहेरून हात लावता येईल इतकं निवू द्या, दहा-बारा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं तुमच्या पहिल्या, बसलेल्या पार्किनचंही उत्तर आहे.

ते असं. ट्रीकल थोडं आंबट असतं. सोडा त्याला भेटला की फेस धरतो, आणि त्याच हवेवर पार्किन फुगतो. गरम पाक कोरड्या पिठावर ओतलात की सोडा तिथेच, भांड्यात, सगळा दम सोडून मोकळा होतो. ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याच्याकडे काही उरत नाही. थोडं वर येतं आणि मधोमध खाली बसतं. दुसरं कारण सोडा जास्त पडणं. एका चमच्याऐवजी डोंगरासारखा चमचा भरला की केक भराभर फुगतो, आतलं पीठ अजून ओलं असतं, त्याला ते वजन पेलत नाही. वर साबणासारखी चव येते आणि रंग नको इतका काळा होतो. तिसरं कारण म्हणजे अर्ध्या तासानं ओव्हन उघडून बघणं. मुलानं केलं असेल तर त्याला रागावू नका, मीसुद्धा करायचे. थोडासा, अर्धा सेंटिमीटर बसणं मात्र पार्किनला माफ आहे. तो दिसायला रुबाबदार केक नाहीच.

कोरडं सगळं एका मोठ्या भांड्यात हातानं कालवा. सोड्याची एक गुठळी राहिली तरी खाणाऱ्याच्या तोंडात हिरवट-पिवळा ठिपका आणि खारट घास येतो, म्हणून सोडा मैद्याबरोबर चाळूनच घ्या. मध्ये खळगा करून निवलेला पाक ओता, मग दुधात फेटलेलं अंडं. आता पीठ बघून घाबराल. केकच्या मानानं ते फार सैल असतं, धिरड्याच्या पिठाहून जरा दाट, सरसरीत. चमच्यावरून पट्टीसारखं ओघळतं. मैदा आणखी घालायचा मोह होईल, घालू नका. ते पाणी ओटमीलसाठी आहे. टिनला बटर पेपर लावून ओता आणि दहा मिनिटं टेबलावर तसंच राहू द्या. रवा भिजायला लागतो, तळाशी बसत नाही.

ओव्हन १५० अंशांवर, पंख्याचा असेल तर १४०, गॅसचा जुना ओव्हन असेल तर खूण २. मधल्या खणात. पन्नास मिनिटं ते एक तास. पहिली चाळीस मिनिटं दार उघडू नका. वरून लवकर काळपट दिसला तर फॉइल सैलसर झाका. ट्रीकलमुळे रंगावरून काही कळत नाही, वासावरून कळतं. आधी सुंठ येते, मग जळक्या साखरेची किंचित चाहूल. ती लागली की उठायचं. मधोमध बोटानं हलकेच दाबा, उसळून वर यायला हवं. कडा टिनपासून सुटलेल्या हव्यात. सळई घातली तर ओलं पीठ येऊ नये, पण दोन-चार चिकट कण आले तर चालतात, किंबहुना यायलाच हवेत. सळई लख्ख निघेपर्यंत थांबलात तर दहा मिनिटं उशीर झाला.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. रात्री भाजलात तर सकाळपर्यंत. मग टिनमधून काढा, लावलेला कागद तसाच राहू द्या, त्यावर आणखी एक थर गुंडाळा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये नको, तिथे तो कोरडा पडतो. घरातल्या थंड कोपऱ्यात. आत काय चाललेलं असतं तर ट्रीकल, सिरप आणि ब्राऊन शुगर हे तिघंही ओलावा धरणारे. भाजताना ओलावा मध्ये राहतो आणि कडा सुकतात. डब्यात तो हळूहळू मधून कडेकडे सरकतो, रवा फुगतो, वरचा कडक पापुद्रा साखरेनं ओढलेल्या ओलाव्यानं चिकट होतो. सुंठीचा तिखटपणाही बसतो, पहिल्या दिवशी जी घशाला लागते ती पाचव्या दिवशी जिभेला नुसती ऊब देते. दोन आठवडे सहज राहतो.

समजा, पाचव्या दिवशीही कोरडाच वाटला. इथल्या आज्या डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवतात. कागदावर ठेवा, पार्किनला टेकवू नका, रोज बदला, आणि दोन दिवसांनी काढून टाका. फोड विसरलात तर बुरशीचं आमंत्रण.

सुंठीबद्दल एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे गावाकडून आलेली, घरी कुटलेली सुंठ असेल तर ती इथल्या बरणीतल्या पुडीपेक्षा जहाल असते, तेव्हा तीनऐवजी दोन चमचे. आणि वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर धागे दातात येतात. इथली बरणी दोन वर्षं कपाटात पडलेली असेल तर फेकून नवी आणा. वास नसलेली सुंठ चार चमचे घातली तरी नुसता भुसाच पडतो. मिक्स्ड स्पाइसची पुडी उघडून वास घ्या: दालचिनी, जायफळ, लवंग, ऑलस्पाइस, आणि बऱ्याचदा त्यात धणेसुद्धा असतात. केकमध्ये धणे म्हटल्यावर माझ्या आईनं फोनवर ‘अगं बाई’ म्हटलं होतं. वेलची मात्र घालू नका. चूक म्हणून नाही, वेलची पडली की आपल्याला शिऱ्याचाच वास येतो आणि पार्किन हरवतो.

आता काकवी. चालते, पण तो वेगळा पार्किन होतो, हे समजून घाला. काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधी उतरवलेली, रसातली सगळी साखर तिच्यातच असते. ट्रीकल साखर काढून घेतल्यावर मागे राहिलेल्यातून बनतं. कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायचं तर मळीची खाण्याजोगी, शहाणी बहीण. म्हणून ट्रीकलमध्ये कडवटपणा आणि आंबटपणा, काकवीत नुसता गोडवा. दीडशे ग्रॅम काकवी सरळ घातलीत तर पार्किन गोडमिट्ट होईल आणि सोड्याला पुरेसं आंबट मिळणार नाही. तेव्हा काकवी १५० ग्रॅम घ्या, गोल्डन सिरप पूर्ण वगळा, साखर ११० वरून ९० ग्रॅमवर आणा, आणि दुधाऐवजी जरा आंबट ताक १०० मिलिलिटर. काकवी ट्रीकलपेक्षा पातळ असते म्हणून ताक थोडं कमी. असा पार्किन फिकट, तांबूस होतो, आणि लँकशरच्या बाजूला झुकतो. तिकडे सिरप जास्त, ट्रीकल कमी, म्हणून तो गोड आणि हलका. इकडच्या लोकांसमोर ‘लँकशरसारखा झालाय’ असं बोलू नका, एवढंच. यॉर्कशर आणि लँकशरच्या मधल्या पेनाइन्सच्या डोंगराच्या दोन बाजूंना या विषयावर विनोद चालत नाहीत.

गोव्याचा काळा माडाचा गूळ मिळाला तर मात्र तो काकवीपेक्षा ट्रीकलला जवळचा. त्याला धुराची, किंचित खारट अशी चव असते. तो किसून, तीन मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवायचा आणि गाळून घ्यायचा, कारण त्यात कचरा असतो. यंदा मी एक टिन त्याचा करून ठेवणार आहे.

सासूबाईंना वास नको असेल तर आधी निम्मं-निम्मं करून बघा, ट्रीकल ७५ आणि काकवी ७५. आणि त्यांना पाचव्या दिवशीचा तुकडा द्या, कच्च्या ट्रीकलचा डबा नाकाखाली धरू नका. तो वास मलाही पहिली तीन वर्षं रस्त्यावर डांबर टाकतात तसाच वाटायचा.

अंडं खुशाल वगळा. ओट्सच्या जुन्या, गरीब घरांतल्या पार्किनमध्ये ते बऱ्याचदा नसेच. त्याऐवजी दूध ५० मिलिलिटर वाढवा आणि त्यात एक चहाचा चमचा व्हिनेगर. ताक वापरत असाल तर व्हिनेगर नको. बिनअंड्याचा जरा ठिसूळ होतो, म्हणून चौथ्या दिवसाआधी कापू नका. पण शाकाहारी असाल तर विकतच्या पार्किनकडे नीट बघा. जुन्या पद्धतीच्या कृतींत लोण्याच्या जागी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, नाहीतर गोमांस भाजताना सुटलेली चरबी असते. पाकिटावर लिहिलेलं असतं, जत्रेतल्या स्टॉलवर विचारावं लागतं. विचारायला संकोच करू नका, मला रोज विचारतात.

कापायचा ४ तारखेला रात्री किंवा ५ ला दुपारी. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक काप झाल्यावर पुन्हा. ओढून नाही, वरून दाबून कापायचा, नाहीतर कडा सुरीबरोबर फरफटत येतात. सोळा तुकडे करा. मोठे वाटले तरी चोवीस करू नका, छोटा तुकडा हवेत लगेच सुकतो. तुकड्यांच्या मध्ये बटर पेपरच्या पट्ट्या घाला आणि डबा मैदानावर पोचल्यावरच उघडा. डब्यावर चिठ्ठी लावा: ओट्स, गहू, दूध, अंडं असल्यास अंडं. शाळा मागेलच.

बरोबर काय असतं ते पहिल्यांदाच बघाल म्हणून सांगते. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे, पुदिन्याची चटणी घातलेले दळदळीत वाटाणे, आणि बॉनफायर टॉफी, जी ट्रीकलचीच असते आणि जिनं माझी एक दाढ घेतली. पार्किन हातमोजा काढून खायचा. सोबत थर्मासमधला चहा, कडक, शक्यतो आल्याशिवाय. आलं दोन्हीकडे झालं की दोन्हीकडचं कळेनासं होतं.

काही वर्षी दिवाळी याच आठवड्यात येते. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं आणि दुसऱ्या दिवशी इथली शेकोटी. त्या वर्षी आमच्या ओट्यावर एका बाजूला चकलीचा सोऱ्या आणि दुसरीकडे ट्रीकलचा डबा होता. इथल्या नियमात एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, ५ नोव्हेंबरला बारापर्यंत आणि दिवाळीच्या रात्री एकपर्यंत सूट. शेजाऱ्यांना हे माहीत नसतं, पार्किनचा एक तुकडा देऊन सांगितलं की पटतं. दिवाळी जवळ असेल तर पार्किन आधी भाजून डब्यात टाका, मग तळणाला बसा. फराळाला ताजेपणा लागतो, याला नाही.

भारतात करणाऱ्यांना एकच धोका, ऑक्टोबरची उष्णता. मुंबईच्या दमट हवेत दोन आठवडे ठेवू नका. तीन दिवस डब्यात मुरवा, मग तुकडे करून एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये. लागेल तसा काढून तासभर बाहेर ठेवला की पुन्हा चिकट होतो.

आणि तुमची ती वीट अजून फेकली नसेल तर फेकू नका. चुरून घ्या, गरम कस्टर्ड वर ओता, अर्धा तास झाकून ठेवा. मी बेकरीत असताना बिघडलेला प्रत्येक ट्रे असाच संपवला, ते सहा बुरशीचे सोडून.